फायबरचं वाण

माझ्या पर्समध्ये काड्यापेटी असते. मी विडी ओढत नाही आणि देवाचा दिवा घरीच लावते. काड्यापेटी आहे ती कापडासाठी. नांदेडच्या बाजारात दोन-तीन दुकानदार असे आहेत, की मी पायरी चढले की आधी पंखा बंद करतात. ही बाई ठाणातून दोरा ओढणार, काडी लावणार, नाकाशी धरणार, हे त्यांना पाठ झालंय. एक जण तर शेजारच्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो, "घाबरू नका, जाळपोळ न्हाई. आक्का माल बघून राहिल्या."

सुती दोरा कागदासारखा जळतो, आणि राख बोटात धरली की भुगा होते. लोकरीला केस जळाल्याचा घाण वास येतो, पण ती आपली आपण विझते. फायबर, म्हणजे पॉलिस्टर, मात्र आक्रसतं, वितळतं, टपकतं आणि थंड झालं की त्याची टणक गोळी होते. दुकानदार म्हणतो, "आक्का, शंभर टक्के कॉटन." मी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवते. तो गुमान दुसरं ठाण काढतो.

ह्या अंकाचे संपादक म्हणाले होते, व्यवसायाच्या सुरुवातीपासून लिहा. सुरुवात रटाळ आहे. शिवण वर्गाला गेले, मशीन घेतलं, पाय दुखले. एवढंच. आमच्या भागात आधी घरोघर डायनिंग टेबलच नव्हतं, तर टेबल रनर कुठला. गरम भांडं उतरवायला लुगड्याचा पदर होता आणि पदर जळाला की सासूचं तोंड सुरू व्हायचं. मग घरात नोकऱ्या आल्या, टेबलं आली, टेबलांवर काचा आल्या. काचेवर कढई ठेवली की ती तडकते हे लोकांना काच तडकल्यावर कळलं, आणि मग आमचं काम सुरू झालं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं, कमलचं. आम्ही टेबलावर अंथरायचे रजईच्या शिवणीचे रनर शिवतो आणि भांड्याखाली ठेवायचे, तवा धरायचे हॉटपॅड.

लोकांना वाटतं, जाड झालं की भागलं. जाडीनं काही होत नाही. उष्णता अडवते ती आत कोंडलेली हवा. म्हणून वरून-खालून सुती कापड, आत रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची शीट किंवा जुन्या लोकरी कांबळ्याचा तुकडा, आणि टाके असे सैल की आतलं दबू नये. हौसेनं दाट नक्षी घातली की हवा मेली, आणि पॅड नुसता दिसायला राहिला. ओला पॅड तर वैरी. पाणी उष्णता सरळ हातात आणून देतं. इस्त्रीच्या टेबलावर असतं ते चंदेरी कापडही आम्ही काही पॅडांत एका थराला घालायचो. त्याच्या एकट्यानं काही होत नाही, पण सोबतीला बरं.

ते चंदेरी कापड मी एका डॉक्टरीणबाईंमुळं बंद केलं. त्यांनी वाटीसकट पॅड मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि बटण दाबलं. मला फोन आला, "आक्का, तुमच्या पॅडमधून फटाके उडून राहिलेत, हे असंच असतं काय?" मी म्हटलं, आधी ते बंद करा आणि मग बोला. दुसरे एक नायगावचे गुरुजी. त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर टाकायला हॉटपॅड मागितला. मी म्हटलं, गुरुजी, हे भांड्यासाठी असतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मे महिन्यात शाळेसमोर गाडी उभी करून बघा. बसताना कढईच वाटती." त्यांचं म्हणणं मला पटलं. रुई आणि लोकर, दोन्ही थर घालून दिला. अजून त्यावरच बसतात.

पण मला सांगायचंय ते लातूरच्या शैलावहिनींचं.

शैलावहिनींचे यजमान तिथं शिकवणीचे वर्ग चालवतात, त्यांना सगळी कॉलनी सर म्हणते. वहिनींचं हळदी-कुंकू कॉलनीत सगळ्यांत आधी असतं, ऐन संक्रांतीच्या दिवशी, आणि वाण काय लुटायचं याचा विचार त्या दिवाळीपासून करतात. समोरच्या बाईंनी आदल्या साली स्टीलचे डबे दिले होते. त्याच्या वर काहीतरी पाहिजे होतं, जे आजवर कुणीच दिलं नाही असं. त्यांना आमचे हॉटपॅड आवडले. मी नमुना दाखवला तर दोन बोटांत धरून म्हणाल्या, "आक्का, लई चपटं दिसतंय हो. पापडासारखं. जरा गुबगुबीत करा ना."

मी म्हटलं, "गुबगुबीत पाहिजे तर उशी घ्या."

माझं तोंड असंच आहे. कमलचं उलटं. तिला नाही म्हणता येत नाही. फेरीवाल्यालाही ती "बघू" म्हणते, आणि तिचं "बघू" निघालं की वस्तू घरात आलीच. आमचा धंदा चालला तो बहुतेक याच्यावर, की ती गिऱ्हाईक आणते आणि मी त्याच्याशी भांडते.

पॅड निम्मे झाले असतील, तोवर मला जळकोटला जावं लागलं, भाचीच्या बाळंतपणाला. परत आले तोवर कमलनं सगळे शिवून, बांधून लातूरला पाठवून दिले होते. मी तिचं कौतुक केलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी भाकरी केल्या आणि तवा उतरवायला हाताला लागला तो पॅड घेतला. कडेचा गोट वाकडा गेला म्हणून मागं राहिलेला एक होता, तोच. तवा त्याच्यावर टेकवला. जरा वेळानं वास आला. तवा उचलला तर पॅड तव्यासंगं वर आला.

"कमल, ह्याच्यात काय घातलंस?"

"रुई."

"कमल."

"रुई बी हाय थोडी," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. वहिनींचे रोज फोन. गुबगुबीत करा, गुबगुबीत करा. मी गावाला. हिनं झालेले पॅडही उसवले आणि सगळ्यांत रुईच्या जागी उशीतलं फायबर घातलं. "लई गोड बोलतात हो त्या, आक्का. माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई."

"नवऱ्याला बरं म्हणवतं."

"त्यांचं वेगळं हाय," कमल म्हणाली, आणि रडायला लागली.

मी लगेच वहिनींना फोन लावला. हळदी-कुंकू काल थाटात झालं होतं. झाडून सगळ्या कॉलनीत पॅड गेले होते. मी म्हटलं, ते परत गोळा करा, कुणाचा तरी हात भाजंल. मग वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "आक्का, सवाष्णीला दिलेलं वाण परत मागायचं?"

वाण परत मागत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही, पण लिहिलेलं असतं तर त्यातून वाट तरी काढता आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आणि कमल लातूरला निघालो. कमलच्या मांडीवर लोकरीच्या तुकड्यांची पिशवी होती आणि ती रस्ताभर माझ्याशी बोलली नाही, म्हणजे मी तिच्याशी बोलले नाही.

वहिनींच्या दारात मी चपलांपाशी थांबले. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हळदी-कुंकवाच्या दिवसांत मी कुणाच्या उंबऱ्याच्या आत आपणहून जात नाही. कुणी जा म्हणत नाही. कुणी ये पण म्हणत नाही. अर्ध्या गावाची वाणं माझ्या मशीनखालून जातात आणि एक माझ्या हातात पडत नाही. वाईट वाटतं का, तर वाटतं. पण हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, आणि त्या दिवशी तर माझं सगळं लक्ष त्या पॅडांत होतं. वहिनींनी हाताला धरून आत नेलं, ते घाबरल्यामुळं असावं.

"वापरतं कोण आक्का?" वहिनी म्हणाल्या. "वाण कपाटात जातं. पुढच्या साली दुसरीच्या गळ्यात. माझ्याकडं तीन चाळण्या आल्यात, त्यांतली एक मीच दिलेली."

"आणि एखादीनं वापरलं तर?"

"न्हाई वापरत."

मी त्यांचाच गॅस पेटवला, त्यांचाच तवा तापवला आणि त्यांच्याच पॅडवर ठेवला. वासानं सर वाचत होते तिथून बाहेर आले आणि म्हणाले, "वायरिंग जळालं काय?" वहिनींनी वितळलेला पॅड उचलून पाहिला. त्याची तार आली. वहिनी खुर्चीवर बसल्या.

आता परत मागायचे कसे. मी म्हटलं सरळ सांगू, माल खराब निघाला. वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा मी माहेरी निघून जाते. सर म्हणाले, सूचना फलकावर लावू. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा कमल त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली. "नाव घालून देतो म्हणू."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय बायकांना चैन पडत नाही. दुकानात मशीनवर करकर करून ताटली-वाटीवर नाव कोरून घेतात, तसं पॅडवर दोऱ्यानं नाव घालून देतो, वहिनींकडून भेट. कुठली बाई नाही म्हणेल? पॅड आपल्या पायानं चालत येणार. आम्ही एक बाजू उसवणार, फायबर काढणार, लोकर भरणार, नाव घालणार. माणसाला काय आवडतं ते कमलला बरोबर कळतं. ह्याच कळण्यानं आम्ही इथवर आलो होतो, पण त्या वेळी मी ते बोलले नाही.

वहिनींच्या घरचंच मशीन ओसरीत लावलं. आणलेली लोकर दुपारीच संपली, तेव्हा वहिनींनी सरांचं कांबळं आणून दिलं. ते त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं होतं म्हणे. सर थंडी संपेस्तोवर ते शोधत होते आणि वहिनीही त्यांच्यासोबत शोधत होत्या.

बायका आल्या. एकीला तळहाताएवढ्या पॅडवर सौ., स्वतःचं नाव, यजमानांचं नाव, आडनाव आणि शेवटी एम.ए. बी.एड. पाहिजे होतं. मी म्हटलं, बाई, मग कढई ठेवायला जागा राहत न्हाई. एकीनं सुनेचं नाव घालायला सांगितलं आणि दारातून परत येऊन "नको, माझंच घाला" म्हणाली. पण काही बायका नाव म्हटलं की मागं सरकायला लागल्या. "कशाला तकलीफ घेता." "साधंच छान दिसतंय." मला काही उमजेना. मग वहिनींच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि लक्षात आलं. एकदा नाव पडलं की ते वाण पुढच्या साली दुसरीला देता येत नाही. कोण आपलं वाण पुढं ढकलणार हे वहिनींना एकेकीच्या तोंडावर दिसत होतं. कमलनं तिथंही वाट काढली. "नाव नको तर फूल काढून देते." फुलाला सगळ्या तयार झाल्या.

कोपऱ्यावरच्या घरातली सूनबाई तेवढी आली नाही. मी स्वतः गेले. तिनं आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. पॅड मधोमध वितळून काळा पडला होता. आत तिच्या सासूबाई बसलेल्या, बोटाला टूथपेस्ट फासलेली, खाली टपोरा फोड. सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनींना सांगू नका हो. त्यांनी एवढ्या प्रेमानं वाण दिलं आन् आमच्या हातून जळालं." म्हणजे हात ह्यांचा भाजला आणि वर लाजही ह्यांनाच. इतकी वर्षं काड्या ओढल्या त्या हे होऊ नये म्हणूनच ना. उंबरा विसरून मी आत सासूबाईंपुढं जाऊन बसले आणि सांगितलं, चूक पॅडची हाय, तुमची न्हाई, आत भलतं भरलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, बोट माझंच हाय." त्यांना मी नवा पॅड माझ्या हातानं शिवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे झाले, एक सोडून. पाटीलबाईंचा. त्या आधी म्हणाल्या, कपाटात आहे, चावी सापडत नाही. मग म्हणाल्या, चावी सापडली, कपाट उघडत नाही. शेवटी वहिनीच त्यांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसल्या आणि उठेनात, तेव्हा पाटीलबाईंनी सांगितलं, की मुदखेडहून बहीण आली होती, तिला दिला.

"संक्रांतीलाच?" वहिनी म्हणाल्या.

"न्हाई, न्हाई. दुसऱ्या दिवशी."

वहिनींनी त्यांच्याशी पुढं बरेच दिवस अबोला धरला.

मी मुदखेडला फोन लावला. बहीण मोठ्या मोकळ्या मनाची. "हाव, आला होता ना माझ्याकडं. गुबगुबीत. मी तर नांदेडला भिशीला गेले तिथं देऊन टाकला कुणाला तरी. कुणाला ते ध्यानात न्हाई. कामून, त्याच्यात काय होतं?" मी म्हटलं, फायबर होतं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, महागाचं होतं होय?"

तिथं माग संपला. आम्ही नांदेडला परत आलो. माझ्याच गावात कुठल्यातरी स्वयंपाकघरात आमच्या हातच्या गोटाचा तो पॅड होता आणि कुणीतरी त्यानं तवा धरणार होतं. कुणाकडं फोडणीचा वास आला तरी मी बेजार व्हायचे. कुणाच्या हाताला पट्टी दिसली की विचारायचे, काय झालं. लोकांना वाटलं, आक्का मऊ झाल्या. कमल भिशीवाल्या बायकांना हुडकत चार गल्ल्या फिरून आली. येताना दोन रनरची ऑर्डर घेऊन आली, पॅड काही सापडला नाही.

रथसप्तमीला आमच्या मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत एक रनर पोचवायचा होता. घरात नुकतंच लग्न झालेली पोरगी, प्राजक्ता, तिचं पहिलंच हळदी-कुंकू. कमलला आमंत्रण होतं, मी रनर द्यायला सोबत. कमल आत गेली आणि मी जिन्यात, चपलांच्या ढिगापाशी उभी राहिले. पाच मिनिटांत निघू, असं ठरलं होतं. तेवढ्यात प्राजक्ता बाहेर आली.

"काकू, इथं काय करून राहिल्या? आत चला."

"मला न्हाई चालत गं," मी म्हटलं.

"कुणाला न्हाई चालत?" ती म्हणाली, आणि मी उत्तर देईस्तोवर तिनं माझं मनगट धरलं होतं. तिच्या सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं आणि सरकून सतरंजीवर जागा केली. पोरीनं मला हळद लावली. कुंकवाच्या वेळी थांबली आणि डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली मला सांगता येणार नाही. तिनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाणाच्या ताटाकडं वळली, तर ताट रिकामं. मला धरून हिशेब केलेलाच नव्हता. ती लाजली. "थांबा हं काकू," म्हणून आत पळाली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि काहीतरी पदराआड घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवलं.

मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. रुई दाबली की सावकाश वर येते. हे टुणकन वर आलं. गोट आमचाच, निळा.

समोर कमल बसली होती. तिनं पॅडकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मला हसूही यायला लागलं आणि रडूही. प्राजक्ता घाबरून म्हणाली, "काकू, आवडलं न्हाई का? मला पण असंच कुणाकडून आलं होतं, पण छान आहे हो, गुबगुबीत."

"लई छान हाय," मी म्हटलं.

घरी आल्या आल्या कमलनं कात्री घेतली आणि हात पुढं केला. "द्या आक्का. उसवून लोकर भरते. हा शेवटचा."

मी दिला नाही.

"फायबर हाय त्याच्यात," ती म्हणाली.

"माहीत हाय मला. वाण हाय ते. वाण उसवतात होय?"

कमल अख्ख्या कॉलनीची वाणं उसवून आली होती. तिनं कात्री ठेवली आणि चहा टाकायला गेली.

तो पॅड माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर आहे. त्याच्यावर मी गार पाण्याचा तांब्या ठेवते.